सोमवारी साफ वाजतो

आष्टी
१० फेब्रुवारी २०२५

आप्पा,

डबा आणि पत्र एकदमच तुझ्या हाती पडेल. आधी पत्र वाच, मग डब्याला हात लाव. तुझी घाई मला ठाऊक हाय. आयटीआयला असताना प्रश्न पुरता वाचायच्या आधीच उत्तर लिहायला बसायचास.

हा टेबलावर ठेवायचा हेडफोनचा अ‍ॅम्प हाय. कारखान्यातला न्हाई, माझ्या हातचा. आतला सोल्डरचा एकेक डाग मी दिलेला हाय. मागं तुझ्या टेपडेकची वायर लाव, पुढं हेडफोन, मधला नॉब आवाजाचा. प्लग तीन पिनचा हाय, तो तसाच लाव, पिना वाकवत बसू नको.

आता कामाचं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीला कोणी येत न्हाई, बिघडला की फेकतात. लग्नाचे कर्णे चढवायचे तर गुडघे ऐकत न्हाईत. मेहुणा, शाहीनचा भाऊ, वाळूजला एका कंपनीत स्टोअरला लावून देतो म्हणतोय. दिवसभर रॅकवरचे खोके मोजायचे. दुसरीकडं पुण्यात एक दुकानदार भेटलाय. त्याच्याकडं फक्त कानाच्या शौकिनांचा माल असतो. मे संपायच्या आत एक डबा आणून दाखव म्हणला. त्याच्या कानाला पटला तर माझ्याकडून घेत राहील. न पटला तर मी टेबल आवरणार आणि वाळूजला जाणार. हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे तू मन लावून ऐकशील.

एक शर्त. या डब्यावर फोन करायचा न्हाई, तू न्हाई आणि मी न्हाई. फोनवर तू 'लई भारी' म्हणतोस आणि पुढं गावच्या गप्पा सुरू होतात. लिहिताना माणूस जरा तरी विचार करतो. डबा परत पाठवशील तेव्हा एस.टी.च्या पार्सलात टाक, पत्र झाकणाखाली ठेव.

तू भांड्याचा व्यापारी. हंड्याला टिचकी मारून चीर कुठं हाय ते सांगतोस. तेच कान मला पाहिजेत. दोस्ती बाजूला ठेवून लिही बे.

तुझा,
रईस


नांदूरघाट
२८ फेब्रुवारी

उस्ताद,

महाशिवरात्रीच्या गडबडीत चार दिवस डबा नुसता बघत होतो. काल दुकानाच्या मागच्या खोलीत निवांत बसून ऐकला. कशापायी इतके दिवस मी टेपडेकला थेट हेडफोन खुपसत होतो, असं झालं.

लावली ती आमच्या मठातल्या भजनाची कॅसेट. ही मी शंभरदा ऐकली असंल. त्यात पेटीवाला सूर धरायच्या आधी भाता ओढतो, त्याचा फुस्स आवाज येतो, हे मला काल कळलं. झांजा दोन हायत आणि दुसरा वाजवणारा किंचित मागं पडतो, हेही कळलं. तो आमचा भाऊबंदच हाय, त्याला सांगून फायदा न्हाई. आवाज थांबला की मागं काही उरत न्हाई, पाटी पुसल्यावानी साफ.

आता खोट सांगतो, तूच सांग म्हणलास. झांज पितळेची वाजायला पाहिजे, ती जर्मनच्या ताटलीसारखी वाजतेय. हलकी. मृदंगाची डावी बाजूही पोटात शिरत न्हाई, वरच्यावर थाप मारून जाते. खाली जरा वजन पाहिजे. पुण्याच्या माणसाच्या ध्यानात हे पहिल्या झटक्यात येईल.

घरची खबर म्हणजे आपली पोरगी शिवांजली बाळंतपणाला माहेरी आली. सहावा सरलाय. आई तिला जागची हलू देत न्हाई आणि ती ऐकत न्हाई. दोघींच्या भांडणात घराचे कान फुटायची वेळ आलीय, म्हणून तुझा हेडफोन लई उपयोगी पडतोय.

मृत्युंजय


आष्टी
११ मार्च

आप्पा,

जर्मनची ताटली म्हणलास ते झोंबलं, पण खरं हाय. मी डबा उघडून पुन्हा ऐकला आणि तुझ्या नावानं दोन शिव्या घातल्या. रोजा असल्यानं मनातच घातल्या.

ट्रान्सफॉर्मर बदलला. पहिला बारका होता, आता घसघशीत टाकलाय, हातात घेतलास की कळेल. आतले मोठे कंडेन्सरही नवीन टाकले. मृदंग आता पोटात शिरतो. झांजेचं पितळ झालं का कासं, ते तू सांग.

पुण्याला मी फोन केलता. तो म्हणला, बाकी सगळं चालेल, पण गाणं थांबल्यावर मागं कसलाही आवाज राहता कामा न्हाई, त्याचं गिऱ्हाईक पहिलं तेच तपासतं. मी म्हणलं, त्याची फिकीर करू नका, माझा दोस्त पाटी पुसल्यावानी म्हणतोय.

शिवूला दुवा सांग. आईंना म्हणावं भांडा, पण हळू.

रईस


नांदूरघाट
२४ मार्च

उस्ताद,

डबा मिळाला. लई भारी. मृदंग भरदार, झांज अस्सल पितळेची. ऐकून समाधान झालं. माझ्या मते आता यात हात घालायची गरज न्हाई. बघ तुला काय वाटतं ते.

इकडं ऊन तापायला लागलं. माळ्यावरचा कूलर उतरवला, शिवूला खोलीत लई उकडतं. तुला ईदेच्या आगाऊ शुभेच्छा. आई शिरखुर्म्याची आठवण काढतेय.

मृत्युंजय


आष्टी
४ एप्रिल

मृत्युंजयभाऊ,

मी शाहीन. यांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर यांच्याच नावानं द्या, पण खरं द्या.

तुमचं मागचं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि म्हणले, आप्पा खोटं बोलतोय. मी म्हणलं, चांगलं लिहिलंय की. तर म्हणले, चांगलंच लिहिलंय म्हणून तर. हा माणूस पितळ आणि काशावर दोन पानं लिहिणारा, चार ओळींत समाधान झालं म्हणतो, म्हणजे काहीतरी पोटात ठेवलंय. ईदेच्या दिवशी माणसं येऊन जात होती आणि हे आपले डब्याला कान लावून बसलेले. डबा परत का पाठवला न्हाई, हेही घोकत बसलेत.

भाऊ, मला आवाजातलं काही कळत न्हाई. माझ्या भावानं वाळूजचं पाहिलंय, चांगली जागा हाय, मी न्हाई म्हणणार न्हाई. पण हे तिकडं गेले तर काम जमलं न्हाई म्हणून जाऊ देत. तुमी दया दाखवलीत आणि मग पुण्याच्या माणसानं तोंडावर खोट काढली, तर यांना ते कधी पचायचं न्हाई. या वयात माणूस मोडला की पुन्हा उभा करणं अवघड असतं. तेवढ्यासाठी लिहिलं. राग नसावा.

आईंना सलाम. शिवांजलीला जास्त वाकू देऊ नका.

तुमची बहीण,
शाहीन


नांदूरघाट
१० एप्रिल

रईस,

डबा परत पाठवतोय. मागच्या पत्रात मी तुला फसवलं. तुझं ते वाळूज डोक्यात बसलतं, हात लिहायलाच धजेना.

झांज खरंच पितळेची झालीय, मृदंगही खरा हाय. पण गाणं थांबलं की खाली घूं राहते. बारीक, एकसारखी, दोन गल्ल्या सोडून पिठाची गिरणी चालू असावी तशी. नॉबला बोट लावलं की वाढते. पहिल्या खेपेला हे अजिबात नव्हतं. तू ट्रान्सफॉर्मर बदललास तेव्हापासून आलंय. मी वायरी बदलून पाहिल्या, डेक बंद करून पाहिला, आमच्या देवघराशेजारच्या बटणावर लावून पाहिला. सगळीकडं तेच.

मला फार वाईट वाटतंय, पण तुझ्या हातून होऊन जाईल. दोष सापडला की अर्धं काम झालंच समज.

मृत्युंजय


आष्टी
२१ एप्रिल

आप्पा,

खोटं लिहिलंस त्याची शिक्षा भेटल्यावर. खरं लिहिलंस त्याचे उपकार.

पण आता ऐक. डबा आला तसा टेबलावर लावला. घूं न्हाई. नॉब शेवटपर्यंत फिरवला, न्हाई. शाहीनला ऐकवलं, तिला काही ऐकू येत न्हाई. शेजारच्या मोबाइलवाल्याला ऐकवलं, त्यालाही न्हाई. मग मी म्हणलं, आप्पाचे कान माझ्यापेक्षा चांगले हायत, मला ऐकू येत नसंल. म्हणून सगळं उपसलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणं घसघशीत ट्रान्सफॉर्मर काढून पहिला बारकाच परत बसवला. मधे लोखंडी पत्र्याचा पडदा घातला. आतल्या सगळ्या वायरी जाळीच्या टाकल्या. मृदंग थोडा हलका होईल, होऊ दे.

म्हणजे आता हा डबा फेब्रुवारीत साफ वाजत होता तोच हाय, वर पडदा जास्त. आता जर घूं आली तर मला काही सुचणार न्हाई. इतकी वर्षं ज्या कामावर घर चालवलं ते काम माझ्या हाताला सोडून गेलं असंच मी समजेन. मेहुण्याला मी मेच्या पहिल्या आठवड्यात हो-न्हाई सांगणार हाय. तोवर तुझं पत्र येऊ दे. गोड लिहू नको.

रईस


नांदूरघाट
२९ एप्रिल

रईस,

लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. घूं हाय. पहिल्यापेक्षा जास्तच हाय.

पण एक विचित्र गोष्ट सांगतो, हसू नकोस. सोमवारी डबा साफ वाजतो. मागच्या पत्रात हे लिहिलं न्हाई कारण मला वाटलं योगायोग असंल. पण काल सोमवार होता, काल संध्याकाळी घूं नावाला होती. आज सकाळीही बरी होती. दुपारनंतर वाढायला लागली आणि आता गिरणी पुन्हा सुरू. मी विचार केला, सोमवारी वेगळं काय असतं? मला उपास असतो. उपाशी पोटी कान हलके होत असतील, डोकं शांत असतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, सोमवारी महादेव तुझ्या डब्यात बसतो. तिचं आपलं तसंच. सोमवारी ती पिंडीवर अभिषेक करते, ते पाणी पायदळी यायला नको म्हणून मागच्या परड्यातल्या बेलाच्या बुडाशी ओतते, आणि हात लागलाच म्हणून दोन-चार बादल्या वर घालते. बाकीचे सहा दिवस त्या झाडाला कोणी विचारत न्हाई. त्या पुण्याईनं घूं जात असंल तर पुण्याच्या माणसाला सोमवारचा बोलाव.

ही थट्टा झाली. मनातून मी लई खट्टू हाय. डबा तुझा चांगला हाय, हे माझं मन सांगतं, आणि कान उलटं सांगतात. शिवाय हल्ली नॉबला हात लावला की बोटाला मुंग्या येतात. वय झालं म्हणायचं. शिवूलाही कूलरमध्ये पाणी ओतताना हाताला मुंग्या येतात, ती म्हणते दिवस भरत आले की अंगावर सूज येते त्यानं होतं. आईनं तिला तळहाताला तेल लावून दिलं. तिला आता नववा लागेल.

मेहुण्याला एवढ्यात काही कळवू नकोस, एवढं ऐक.

मृत्युंजय


नांदूरघाट
७ मे

शाहीनभाभी,

तुमची चिठ्ठी काल आली. तुमी लिहिलंत, हे नांदूरघाटहून आले, जेवले न्हाईत, डबा टेबलावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले, दोन दिवस नीट बोलत न्हाईत, तिकडं काय झालं ते सांगा. सांगतो. तो सांगणार न्हाई, कारण त्याला ते आठवायचं नसंल.

माझं पत्र त्याला दोन तारखेला मिळालं असणार. सकाळी त्याचा फोन आला. मी उचलला न्हाई. डब्यावर फोन करायचा न्हाई ही शर्त त्याचीच, आणि मला वाटलं आता हा रागावून वाळूजचं सांगणार. पुन्हा आला, पुन्हा उचलला न्हाई. मग मी फोन गल्ल्यात टाकून गिऱ्हाईक बघत बसलो. भाभी, हे लिहितानाही मला कसंतरी होतंय.

दुपारी त्याची मोटारसायकल दारात थांबली. मी 'ये' म्हणायला उठलो तर तो माझ्या अंगावरून थेट घरात गेला. चपला पायात. आमच्या घरात तो इतक्या वर्षांत कधी चपला घालून आला न्हाई, आईच्या सोवळ्याची त्याला आमच्यापेक्षा जास्त काळजी. आई देवघरातून ओरडली, रईस, चपला. त्यानं ऐकलंच न्हाई. आत शिवू बादली घेऊन कूलरकडं निघालती. हा दारातूनच म्हणला, "बेटा, बादली खाली ठेव. आणि मागं सर."

ओरडला न्हाई. हळूच म्हणला. पण असा म्हणला की पोरगी जागच्या जागी थांबली.

त्यानं खिशातून टेस्टर काढला आणि कूलरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टर पेटला. मग फ्रिजला लावला, पेटला. मोरीतल्या नळाला लावला, तिथंही मिणमिणला. माझ्या टेबलावरच्या डब्याला लावला, तिथं तर लख्ख. मग जाऊन मेन बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसला. पाणी मागितलं. आईनं आणून दिलं.

झालतं असं. कूलरच्या मोटारीची वायर आतल्या आत खरडून पत्र्याला लागलती. असं झालं तर वीज अर्थिंगच्या तारेनं जमिनीत जायला पाहिजे. आमच्या घराच्या अर्थिंगचा खड्डा परड्यात बेलाच्या बुडाशी हाय. घर बांधलं तेव्हा रईसनंच तिथं पट्टी पुरलीती, झाडाला पाणी घालाल तर ओल राहील म्हणून. मी ते विसरून गेलतो. उन्हाळ्यात माती खडखडीत वाळली, विजेला जायला वाट राहिली न्हाई, मग ती उलटी घरातल्या सगळ्या लोखंडात पसरली, आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेतून डब्यातही आली. आईनं सोमवारी बादल्या ओतल्या की खड्डा ओला व्हायचा आणि दीड दिवस घर जरा सुरक्षित राहायचं. डबा बिचारा तेवढंच सांगत होता. मार्चमध्ये कूलर उतरवला तेव्हापासून सांगत होता, आणि मी ते ट्रान्सफॉर्मरच्या माथी मारलं.

ओल्या हातानं, अनवाणी पायानं, पोटुशी पोरगी रोज त्या कूलरला हात लावत होती. आणि आमी तिला तेल लावून देत होतो.

नंतर रईसनं पहार घेऊन स्वतः खड्डा उकरला. पट्टी गंजून तिच्या खपल्या झालत्या. गावातला वायरमन आला, नवीन पट्टी घातली, कोळसा-मीठ भरलं, आणि मेनजवळ एक स्विच बसवला, तो जरा कुठं गळती झाली की आपोआप पडतो. कूलर मी भंगारात दिला. आईनं रईसला धपाटे वाढले, तो दोन घास खाऊन उठला आणि डबा बगलेत मारून निघाला. आईच्या पाया पडला. ती म्हणली, चपलांचं मी माफ केलं.

भाभी, आता भीती कसली न्हाई. त्याला झोपू द्या. आमीही तीन-चार दिवस नीट झोपलो न्हाई, काल सगळे दुपारी आडवे झालो ते दिवेलागणीलाच उठलो. शिवू उठल्या उठल्या हसायला लागली, का ते तिलाच माहीत.

मृत्युंजय


आष्टी
१२ मे

आप्पा,

शाहीननं तुझं पत्र वाचून दाखवलं. बरं केलंस लिहिलंस. माझ्या तोंडून निघालं नसतं.

तुला एक सांगायचंय, ते तिलाही सांगितलं न्हाई. तुझं पत्र वाचलं, मुंग्यांचं वाक्य आलं आणि तुला दोनदा फोन लावून मी गाडीच काढली. वाटभर एकच, पोरीला काही व्हायला नको. हे खरं हाय. पण कूलरला टेस्टर लावला आणि तो पेटला, तेव्हा पहिल्यांदा मला काय झालं सांगू? आनंद झाला. माझा डबा साफ हाय, खोट माझ्या हाताची न्हाई, असा आनंद. शिवू समोर बादली घेऊन उभी, फरशी ओली, आणि माझ्या मनात डबा. तो आनंद एवढासाच होता, पण होता. त्यानंतर जो भिंतीला टेकून बसलो तो त्याच्यामुळं. घरी येऊन झोपलो तोही त्याच्यामुळंच. मी कसला माणूस, हेच घोळत होतं.

आता शाहीननं तोडगा काढला. मी काही बोललो न्हाई तरी तिला कळतं. ती म्हणली, तुमी डब्याची एवढी काळजी केली म्हणून तर मुंग्यांचं वाक्य तुमाला दिसलं, दुसरा कोणी असता तर पत्र वाचून पाकिटात घातलं असतं. ती बरोबर बोलतेय का मला बरं वाटावं म्हणून, ठाऊक न्हाई. पण मला बरं वाटलं. त्या दिवशी पोटभर जेवलो.

मग घसघशीत ट्रान्सफॉर्मर परत बसवला, कारण मृदंग त्याच्यावरच खरा हाय. पडदा ठेवला. आणि डबा मांडीवर घेऊन पुण्याला गेलो. दुकानदार पोरगेलासा हाय, पण कान पक्के. अर्धा तास ऐकत राहिला. मग म्हणला, चार आणखी करून द्या, पुढचं पुढं बघू. मी बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यालो. मेहुण्याला तिथूनच फोन लावला आणि न्हाई म्हणून सांगितलं. तो रागावला न्हाई, उलट हायसं वाटल्यासारखा बोलला. त्यालाही माझा धाक असावा.

पुण्याला मी नवे चार देईन. हा पहिला डबा तुझा. याच्यावर मी नाव घातलं न्हाई, तुला वाटेल ते घाल. ऐकून लिही. आणि शर्त आता मोडीत काढू. फोन आला तर उचलत जा बे.

रईस


नांदूरघाट
२२ मे

उस्ताद,

तुझ्या त्या आनंदाचं आधी बोलू. तू मेन बंद करून भिंतीला टेकलास तेव्हा शिवूकडं बघायच्या आधी मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. आता हा वाळूजला जात न्हाई, हे माझ्या मनात आलं. माझी स्वतःची पोरगी समोर उभी होती. तेव्हा तू एकटा न्हाईस, आणि हे तू शाहीनभाभीला सांग किंवा नको सांगू, मी शिवूला सांगणार न्हाई.

डबा परवा आला. शिवूला काल पहाटे मुलगी झाली, केजच्या दवाखान्यात. दोघी खुशाल. पोरगी रडते चांगली, आवाजाला कुठं चीर न्हाई, मी लक्ष देऊन ऐकलं. आज दुपारी घरी येऊन पहिल्यांदा निवांत बसलो आणि डबा लावला. मुद्दाम सोमवारची वाट पाहिली न्हाई, आज गुरुवार, आणि उपासही न्हाई, दोन भाकरी खाऊन बसलो.

कॅसेट लावलीच न्हाई. नुसता डबा चालू केला, हेडफोन चढवला आणि नॉब शेवटपर्यंत फिरवला. हात नॉबवरच ठेवला. मुंग्या न्हाईत. आणि कानात काही म्हणजे काही न्हाई. एवढं काही नसलेलं मी जन्मात कधी ऐकलं न्हाई, रईस. मी तसाच बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायचंही सुचलं न्हाई.

आई चहा घेऊन आली. मला तसं बघून घाबरली, काय झालं म्हणून विचारायला लागली. मी हेडफोन काढून तिच्याच डोक्यावर घातला. तिनं डोळे मिटले, पदर सावरला आणि भजन सुरू व्हायची वाट बघत बसली. बराच वेळ बसली. मग एक डोळा उघडून मला म्हणली,

"बंद हाय का रे?"

"न्हाई आई," मी म्हणलं. "चालू हाय."

तिनं पुन्हा डोळे मिटले आणि चहा थंड होईपर्यंत ऐकत राहिली.

तुझा,
मृत्युंजय